वृषणातील जर्म सेल ट्यूमर : गाठ लागल्यापासून फॉलोअपपर्यंत काय, कधी आणि का करावे

वृषणातील जननपेशींपासून होणारा कर्करोग, ज्याला डॉक्टर जर्म सेल ट्यूमर म्हणतात, हा प्रामुख्याने १५ ते ४० या वयातील पुरुषांचा आजार आहे. शरीरात इतरत्र पसरल्यानंतरही बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात, असे ज्या मोजक्या कर्करोगांबद्दल ठामपणे म्हणता येते त्यांत याचे स्थान वरचे आहे. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये दर लाख पुरुषांमागे वर्षाला सुमारे १० जणांना तो होतो, तर भारतात हे प्रमाण लाखामागे एकाहूनही कमी आहे. या दुर्मिळतेची दुसरी बाजू अशी की आपल्याकडच्या बहुतेक डॉक्टरांना असे रुग्ण फारच क्वचित भेटतात, आणि म्हणून कधी ही गाठ जंतुसंसर्ग किंवा हायड्रोसील (वृषणाभोवती पाणी साठणे) समजून महिनोन् महिने चालवून घेतली जाते, तर कधी घाईने चुकीच्या जागी छेद घेतला जातो.

या आजारात औषधे आणि शस्त्रक्रिया यांच्याइतकाच त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. रक्त कधी काढायचे, वीर्य कधी साठवायचे, छेद कुठे घ्यायचा, स्कॅन कधी करायचे, केमोथेरपीचा पुढचा फेरा कोणत्या दिवशी सुरू करायचा, या प्रत्येक प्रश्नाला ठरलेले उत्तर आहे आणि त्या उत्तरामागे आजाराच्या जीवशास्त्रातले कारण आहे. खालील मजकूर रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना तो क्रम कळावा आणि डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता यावेत, यासाठी आहे. उपचारांचा निर्णय अर्थातच प्रत्यक्ष तपासणाऱ्या तज्ज्ञांचा.

पहिला आठवडा

या गाठीचे नेहमीचे रूप म्हणजे वृषणातच, त्याच्या अंगाला, लागणारा घट्ट आणि बहुधा न दुखणारा भाग. काहींना अंडकोषात, म्हणजे वृषणांच्या पिशवीत, जडपणा जाणवतो, काहींना ओटीपोटात बारीक दुखते. दुखत नाही म्हणून काळजी नाही, हा समज येथे उलटा आहे, कारण संसर्ग बहुधा दुखतो आणि ट्यूमर बहुधा दुखत नाही. तरीही दुखते म्हणून ट्यूमर नाही असेही समजू नये. काही रुग्णांत वेदना हेच पहिले लक्षण असते. प्रतिजैविके दिली गेली असतील तर ती संपल्यावर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांत, वृषण पूर्ववत झाले पाहिजे. झाले नाही तर गोळ्यांचा दुसरा कोर्स न घेता सोनोग्राफी करावी. स्तनांना सूज येणे, कंबरेत सतत दुखणे, मानेत डाव्या बाजूला गाठ लागणे किंवा कारणाशिवाय धाप लागणे ही लक्षणे तरुण पुरुषात दिसली, तर डॉक्टरांनी वृषणे तपासली आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. संकोचामुळे ही तपासणी राहून जाते. रुग्ण सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत.

लहानपणी वृषण खाली उतरलेले नसेल, तर त्याची माहिती आपणहून द्यावी. अशा पुरुषांत या कर्करोगाचा धोका काही पटींनी जास्त असतो आणि शस्त्रक्रियेने वृषण वेळेवर, निदान वयात येण्यापूर्वी, खाली आणले असेल तर तो कमी होतो, जरी पूर्णपणे जात नाही. भावाला किंवा वडिलांना हा आजार झाला असल्यास तेही सांगावे. सगळ्या निरोगी पुरुषांची सरसकट चाळणी करावी अशी शिफारस मात्र नाही.

दोन्ही वृषणांची डॉपलरसह सोनोग्राफी ही पहिली चाचणी. ती स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीही होते, आणि गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेर, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ती सोडवते. वृषणाच्या आत घट्ट गाठ दिसली, तर सिद्ध होईपर्यंत ती कर्करोगाचीच मानून पुढची पावले टाकावीत. अहवालात केवळ ‘मायक्रोलिथियासिस’, म्हणजे चुन्याचे बारीक कण, एवढाच उल्लेख असेल आणि दुसरा कोणताही धोका नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही.

शस्त्रक्रियेच्या आधी दोन गोष्टी : रक्त आणि वीर्य

ऑपरेशनच्या आधी एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या तीन चाचण्यांसाठी, म्हणजेच ट्यूमर मार्करसाठी, रक्त गेलेच पाहिजे. हे रक्त द्यायचे राहिले तर ती माहिती नंतर कोणत्याही उपायाने परत मिळत नाही, कारण वृषण काढल्यावर ही मूल्ये उतरू लागतात आणि ती मूळ किती होती हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

एएफपी हे गर्भाच्या पीतककोशात आणि यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. या ट्यूमरचे सेमिनोमा आणि नॉन-सेमिनोमा असे दोन मुख्य प्रकार असतात, आणि शुद्ध सेमिनोमा हे प्रथिन तयार करत नाही. म्हणून पॅथॉलॉजीचा अहवाल ‘सेमिनोमा’ म्हणत असला आणि एएफपी स्पष्टपणे वाढलेले असले, तर कुठेतरी दुसऱ्या प्रकारच्या पेशी आहेत असे धरून नॉन-सेमिनोमाचे उपचार करावे लागतात; यकृताचा आजार हे वाढीचे दुसरे कारण तेवढे आधी तपासावे. बीटा एचसीजी हे गर्भधारणेच्या चाचणीत मोजले जाणारेच संप्रेरक. कोरिओकार्सिनोमा या नॉन-सेमिनोमाच्या एका प्रकारात ते प्रचंड वाढते, सेमिनोमात कधी थोडेसे, आणि स्तनांना येणारी सूज पुष्कळदा त्याचाच परिणाम असते. एलडीएच हा सर्वांत ढोबळ निर्देशक; तो आजाराचा एकूण बोजा सांगतो, प्रकार सांगत नाही. तिन्ही चाचण्या सामान्य आल्या म्हणून ट्यूमर नाही असे मुळीच ठरत नाही.

दुसरी गोष्ट वीर्य साठवण्याची. हा विषय काढायला घरची माणसे कचरतात, विशेषतः मुलाचे लग्न व्हायचे असेल तेव्हा, पण नेमक्या त्याच मुलाला त्याची सर्वांत जास्त गरज असते. या आजाराच्या पुष्कळ रुग्णांत शुक्राणूंची संख्या उपचारांआधीच कमी असते आणि केमोथेरपीने ती आणखी घटते. अनेकांत ती पुढच्या काही वर्षांत सुधारते, पण कोणाची सुधारेल हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे शक्यतो वृषण काढण्यापूर्वी आणि कोणत्याही परिस्थितीत केमोथेरपीपूर्वी वीर्य गोठवून ठेवावे. बँक २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, ते पाहावे आणि नमुना किती काळ आणि कोणत्या शुल्कात ठेवला जाईल, हे लेखी घ्यावे. कर्करोग रुग्णालयाने स्वतःहून विचारले नाही, तर आपण विचारावे.

छेद जांघेतून

या आजारातला सर्वांत कडक नियम हा आहे : गाठीत अंडकोषाच्या त्वचेतून सुई घालायची नाही, आणि अंडकोषावर छेद घेऊन वृषण काढायचे नाही. वृषण गर्भावस्थेत पोटात, मूत्रपिंडाजवळ तयार होते आणि मग खाली उतरते; उतरताना ते आपल्या रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या (लिम्फच्या नळ्या) सोबत आणते. त्यामुळे वृषणातून निघालेल्या कर्करोगपेशी आधी पोटाच्या मागच्या भागात, महाधमनीच्या आसपासच्या लसीका ग्रंथींत जातात. अंडकोषाच्या त्वचेची लसीका मात्र जांघेतल्या ग्रंथींकडे वाहते. त्वचेतून सुई किंवा सुरी गेली की दोन वेगळे मार्ग जोडले जातात, आणि जिथे आजार कधी गेलाच नसता तिथेही तो शोधत बसावे लागते.

योग्य शस्त्रक्रिया जांघेतल्या छेदातून होते आणि वृषण त्याच्या रज्जूसह, म्हणजे त्याला टांगून धरणाऱ्या वाहिन्यांच्या दोरीसह, जांघेच्या आतल्या कड्यापाशी बांधून काढले जाते. हर्नियाच्या ऑपरेशनच्या जागीच तो छेद असतो. ज्यांना हायड्रोसील म्हणून ऑपरेशनला नेले जात आहे अशा तरुणांनी सोनोग्राफीत वृषण स्वच्छ दिसले होते का, हे एकदा विचारून घ्यावे. एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ अनर्थ टळतो. अंडकोषातून छेद घेऊन झालाच असेल तर हताश होऊ नये; बरे होण्याची शक्यता त्याने फारशी घटत नाही, पण पुढच्या तज्ज्ञाला ते पहिल्याच भेटीत सांगावे. कृत्रिम वृषण बसवून घ्यायचे का, हा निर्णय रुग्णाचा आहे, आणि त्याला तो प्रश्न विचारला गेला पाहिजे.

‘आधी शस्त्रक्रिया’ या क्रमाला एकच मोठा अपवाद आहे. आजार फुप्फुसांत किंवा मेंदूत खूप पसरलेला असेल, बीटा एचसीजी अतिशय वाढलेले असेल आणि रुग्णाची प्रकृती ढासळत असेल, तर केमोथेरपी लगेच सुरू करून वृषण नंतर काढले जाते.

या पेशी मुळात कुठून येतात

हा भाग घाईत असलेल्याने सोडला तरी चालेल, पण पुढच्या निर्णयांची कारणे येथेच आहेत.

गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत आद्य जननपेशी शरीराच्या मध्यरेषेने प्रवास करत भावी वृषणांपर्यंत पोहोचतात. तिथे त्यांनी पक्व होऊन शुक्राणूंच्या पूर्वज पेशी बनायचे असते. काही पेशींचे हे पक्व होणे अडते आणि त्या गर्भपेशींसारख्याच अवस्थेत वृषणाच्या नलिकांत पडून राहतात. ओसीटी ३/४ सारखी, प्रौढ शरीरात एरवी न आढळणारी प्रथिने त्या तयार करत राहतात, आणि पॅथॉलॉजिस्ट आज त्यांना त्याच प्रथिनांवरून ओळखतात. डेन्मार्कच्या नील्स स्काकेबेक यांनी १९७२ मध्ये वंध्यत्वासाठी तपासलेल्या पुरुषांच्या बायॉप्सीत अशा विचित्र पेशी पाहिल्या, आणि त्याच पुरुषांना पुढे कर्करोग झालेला पाहून हीच त्याची पूर्वावस्था असावी असे मांडले. आज तिला जीसीएनआयएस म्हणतात. ती सापडल्यावर काहीच केले नाही तर सुमारे निम्म्या पुरुषांत ५ वर्षांत प्रत्यक्ष ट्यूमर होतो. बीज गर्भात पडते आणि वयात येताना संप्रेरकांच्या प्रभावाखाली ते वाढू लागते, म्हणूनच हा आजार म्हातारपणाचा नसून तरुणपणाचा आहे. दुचाकीची सीट, लहानपणी लागलेला चेंडू किंवा हस्तमैथुन यांचा त्याच्याशी कारण म्हणून संबंध नाही. मार लागल्यानंतर गाठ सापडते ती बहुधा तिकडे लक्ष गेल्यामुळे.

पूर्वावस्थेतून पुढे जाताना या पेशींत १२ व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेच्या जादा प्रती जमा होतात. याची खूण, म्हणजे आयसोक्रोमोसोम १२पी, १९८२ मध्ये ॲटकिन आणि बेकर यांनी नोंदवली आणि ती आजही निदानाला उपयोगी पडते. मग वाटा फुटतात. ज्या पेशी आद्य जननपेशींसारख्याच राहतात त्यांचा सेमिनोमा होतो. ज्या पेशी गर्भाची विकासकथा पुन्हा, पण विस्कळीतपणे, सुरू करतात त्यांचा नॉन-सेमिनोमा : गर्भपेशींसारखा एम्ब्रियोनल कार्सिनोमा, पीतककोशासारखा यॉक सॅक ट्यूमर, वारेसारखा कोरिओकार्सिनोमा, आणि कूर्चा, ग्रंथी, त्वचा अशा तयार ऊतींचा टेराटोमा. एएफपी आणि एचसीजी का वाढतात, याचे उत्तर या यादीतच आहे. पीतककोश आणि वार यांचे जे काम असते तेच त्या पेशी करत असतात.

प्रवासात मध्यरेषेवरच राहून गेलेल्या पेशींपासून छातीच्या मध्यभागी किंवा पोटामागेही असे ट्यूमर होऊ शकतात, असे मानले जाते. क्रिकेटपटू युवराज सिंग यांना २०११ च्या विश्वचषकानंतर जे निदान झाले ते छातीतल्या सेमिनोमाचे होते आणि २०१२ च्या सुरुवातीला त्यांनी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे केमोथेरपी घेतली. तरुणाच्या छातीतल्या किंवा पोटामागच्या गाठीचे निदान चालू असताना तीन मार्कर आणि वृषणांची सोनोग्राफी करायची ती याच कारणासाठी.

आता उपचारांशी जोडलेला मुद्दा. बहुतेक कर्करोगांत टीपी ५३ हे पेशीला मरण्याचा आदेश देणारे जनुक बिघडलेले असते. वृषणाच्या जर्म सेल ट्यूमरमध्ये ते बहुधा शाबूत असते. जननपेशींचा मूळ स्वभावच असा की डीएनएला इजा झाली तर दुरुस्तीत वेळ न घालवता मरून जायचे, म्हणजे खराब वारसा पुढच्या पिढीत जात नाही. हाच स्वभाव कर्करोग झाल्यावरही टिकतो. सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीतले मुख्य औषध डीएनएत गाठी मारते, या पेशींना त्या नीट सोडवता येत नाहीत, आणि त्या मरतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३७ ट्यूमरच्या व्यापक जनुकीय अभ्यासात वारंवार बदललेली जनुके अगदी थोडी, म्हणजे किट, केरास आणि एनरास एवढीच सापडली. टेराटोमाचे तसे नाही. त्याच्या पेशी तयार ऊतींसारख्या असल्याने केमोथेरपीला दाद देत नाहीत आणि त्यांना सुरीच लागते. शेवटच्या टप्प्यावरचा एक मोठा निर्णय यावर उभा आहे.

अहवाल आणि आकडे कसे वाचावेत

पॅथॉलॉजीच्या अहवालात पाच गोष्टी शोधाव्यात : ट्यूमर सेमिनोमा आहे की नॉन-सेमिनोमा, मिश्र असल्यास प्रत्येक घटकाचे प्रमाण किती टक्के, गाठीचा आकार, रक्तवाहिन्या किंवा लसीकावाहिन्यांत पेशी शिरल्या आहेत का, आणि रज्जूच्या कापलेल्या टोकाशी आजार आहे का. यांपैकी काही लिहिलेले नसेल तर स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक घेऊन कर्करोग रुग्णालयातल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्यावेत. एरवीही दुसरे मत घेतलेले बरे; हा आजार इतका कमी दिसतो की अनुभवी नजरेला पर्याय नाही. अहवालात ‘स्पर्मॅटोसायटिक ट्यूमर’ असे असेल तर तो बहुधा उतारवयात होणारा, जीसीएनआयएसशी संबंध नसलेला वेगळा आजार आहे आणि बहुतेक वेळा वृषण काढणे पुरेसे होते.

शस्त्रक्रियेनंतर मार्कर पुन्हा मोजावे लागतात, आणि येथे एक सोपा हिशेब घरी करता येतो. एएफपी निम्मे व्हायला ५ ते ७ दिवस लागतात आणि बीटा एचसीजीला १ ते दीड दिवस. समजा शस्त्रक्रियेआधी एएफपी ८०० होते. आठवड्याने ते ४०० च्या आसपास किंवा खाली, दोन आठवड्यांनी २००, तीन आठवड्यांनी १०० आणि साधारण सहा-सात आठवड्यांत १० च्या खाली आले पाहिजे. या गतीने उतरत असेल तर सामान्य होईपर्यंत थांबणे योग्य. मधेच थबकले किंवा चढू लागले, तर स्कॅनमध्ये काही दिसत नसले तरी शरीरात कुठेतरी आजार आहे. प्रत्येक चाचणी एकाच प्रयोगशाळेत करावी आणि तारीख, मूल्य, एकक असे तीन रकाने असलेला कागद फाइलमध्ये सर्वांत वर ठेवावा.

छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन झाल्यावर टप्पा ठरतो. आजार वृषणापुरता असेल तर पहिला, पोटामागच्या ग्रंथींत असेल तर दुसरा, त्यापलीकडे असेल तर तिसरा. या टप्प्यावर सरसकट पेट स्कॅन करण्याची गरज नसते. तो आग्रहाने सुचवला गेला तर त्याने कोणता निर्णय बदलणार आहे, हे विचारावे.

पसरलेल्या आजारात टप्प्यापेक्षा जोखीमगट महत्त्वाचा. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय सहकार्याने आखलेल्या वर्गीकरणात चांगला, मध्यम आणि प्रतिकूल असे तीन गट आहेत. नॉन-सेमिनोमात एएफपी १,००० पेक्षा कमी, एचसीजी ५,००० पेक्षा कमी, एलडीएच सामान्य मर्यादेच्या दीडपटीहून कमी आणि फुप्फुसांखेरीज यकृत, हाडे, मेंदू अशा इंद्रियांत आजार नसणे म्हणजे चांगला गट. एएफपी १०,००० किंवा एचसीजी ५०,००० च्या वर असणे, फुप्फुसांखेरीज अशा इंद्रियांत आजार असणे, किंवा मूळ गाठ छातीच्या मध्यभागी असणे म्हणजे प्रतिकूल. सेमिनोमात प्रतिकूल गट नाहीच. २०२१ मध्ये हे आकडे नव्याने तपासले गेले तेव्हा नॉन-सेमिनोमाचे ५ वर्षे जगण्याचे प्रमाण चांगल्या गटात ९६ टक्के, मध्यम गटात ८९ टक्के आणि प्रतिकूल गटात ६७ टक्के निघाले. प्रतिकूल गटात १९९७ चा आकडा ४८ होता. ही मूल्ये शस्त्रक्रियेनंतरची, केमोथेरपी सुरू करण्याच्या वेळची धरायची असतात, हे पुष्कळदा विसरले जाते.

पहिला टप्पा : काहीच न करणे हाही उपचार

आजार वृषणापुरता असेल आणि मार्कर सामान्य झाले असतील, तर बहुतेकांसाठी उत्तम मार्ग म्हणजे नियमित देखरेख. पहिल्या टप्प्यातल्या सेमिनोमात १५ ते २० टक्के रुग्णांत आजार पुन्हा दिसतो. नॉन-सेमिनोमात वाहिन्यांत पेशी शिरलेल्या नसतील तर सुमारे १५ टक्क्यांत, शिरल्या असतील तर जवळपास निम्म्यांत. तो दिसला तरी वेळेवर सापडल्यास जवळजवळ सगळे बरे होतात, आणि ज्यांना दिसणारच नव्हता ते अनावश्यक औषधांपासून वाचतात. पर्याय म्हणून सेमिनोमात कार्बोप्लॅटिन या औषधाचा एक डोस आणि वाहिन्यांत शिरलेल्या नॉन-सेमिनोमात बीईपी या तीन औषधांच्या केमोथेरपीचा एक फेरा देतात.

कागदावर ही निवड सोपी वाटते. प्रत्यक्षात प्रश्न विचारायचा तो असा : पुढची पाच वर्षे, विशेषतः पहिली दोन, ठरलेल्या तारखांना हा मुलगा तपासणीला येईल का? जहाजावर नोकरी करणारा, आखातात जाऊ घातलेला किंवा गावापासून स्कॅनचे केंद्र दिवसभराच्या अंतरावर असलेला रुग्ण ‘येईन’ म्हणतो आणि बरे वाटत असल्याने येत नाही. माझ्या मते अशा वेळी आधीच एक फेरा घेणे हा काही भित्रेपणा नव्हे. देखरेख स्वीकारली, तर तारखा आईवडिलांच्या किंवा पत्नीच्या फोनमध्येही टाकाव्यात.

पसरलेला आजार : बीईपीचे वेळापत्रक

सिस्प्लॅटिनचा शोध अपघाताने लागला. १९६५ मध्ये मिशिगन येथे बार्नेट रोझेनबर्ग विद्युतप्रवाहाचा जिवाणूंवरचा परिणाम पाहत होते. विभाजन थांबले ते विजेने नव्हे, तर प्लॅटिनमच्या विद्युताग्रातून पाण्यात उतरलेल्या संयुगाने. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर दोन औषधांबरोबर पसरलेल्या वृषण-कर्करोगात वापरायला सुरुवात केली आणि ज्या आजारात बहुतेक तरुण दगावत होते त्यात बहुतेक जगू लागले. १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

आजचा बीईपी फेरा २१ दिवसांचा असतो : सिस्प्लॅटिन २० मिलिग्रॅम आणि इटोपोसाइड १०० मिलिग्रॅम शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे पहिले पाच दिवस रोज, आणि ब्लिओमायसिन ३० युनिट आठवड्यातून एकदा. चांगल्या गटाला तीन फेरे, किंवा ब्लिओमायसिन वगळून चार. मध्यम आणि प्रतिकूल गटाला चार. फुप्फुसांची ताकद कमी असेल तर ब्लिओमायसिनऐवजी आयफोस्फामाइड असलेली व्हीआयपी पद्धत वापरतात.

येथे दोन गोष्टींवर ठाम राहावे. पहिली, पसरलेल्या आजारात सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन ‘झेपायला सोपे’ म्हणून घेऊ नये. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका वर्षानंतर आजारमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण सिस्प्लॅटिनच्या गटात ९१ टक्के, तर कार्बोप्लॅटिनच्या गटात ७७ टक्के होते. दुसरी, पुढचा फेरा बाविसाव्या दिवशीच सुरू झाला पाहिजे. पांढऱ्या पेशी थोड्या कमी आहेत, सण आला आहे, पैशांची जुळणी व्हायची आहे, अशा कारणांनी फेरा ढकलणे किंवा डोस कमी करणे या आजारात महागात पडते. ताप असताना पेशी फार कमी असणे किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली असणे ही ढकलण्याची रास्त कारणे. म्हणून पैशांची तजवीज पहिल्या फेऱ्याआधी, सगळ्या फेऱ्यांची मिळून करावी. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात आणि राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातल्या (नॅशनल कॅन्सर ग्रिड) केंद्रांत समाजसेवा विभाग कागदपत्रांना मदत करतो.

घरच्यांनी लक्षात ठेवायचे ते एवढेच : सिस्प्लॅटिनच्या दिवसांत भरपूर सलाइन जाते आणि लघवीचे प्रमाण पाहावे लागते, कानात घूं घूं आवाज, बोटांना मुंग्या ही लक्षणे सांगावीत, १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. कोरडा खोकला किंवा धाप लागली तर ब्लिओमायसिनचा पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना सांगावे, आणि सिगारेट त्या दिवसापासून बंद. पुढे आयुष्यात कधीही भूल घ्यावी लागली तर ब्लिओमायसिन घेतल्याचे भूलतज्ज्ञाला सांगावे, कारण ऑक्सिजन किती द्यायचा हे त्यावर ठरते.

केमोनंतर उरलेली गाठ

शेवटच्या फेऱ्यानंतर स्कॅनमध्ये पोटामागे गाठ उरलेली दिसते आणि मार्कर सामान्य असतात, तेव्हा घरात पेढे वाटण्याची घाई होते. नॉन-सेमिनोमात ही गाठ १ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर ती शस्त्रक्रियेने काढावी लागते. तिच्यात साधारण निम्म्या वेळा फक्त मृत पेशी असतात, सुमारे ४० टक्क्यांत टेराटोमा आणि उरलेल्यांत जिवंत कर्करोग. यांपैकी काय आहे ते पेट स्कॅन सांगू शकत नाही. टेराटोमा ‘सौम्य’ दिसतो म्हणून सोडला तर तो वाढून मोठ्या वाहिन्या दाबू शकतो किंवा पुढे वेगळ्याच, औषधाला न जुमानणाऱ्या कर्करोगात बदलू शकतो. ही शस्त्रक्रिया महाधमनीच्या भोवतीची असल्याने ती नियमित करणाऱ्या शल्यविशारदाकडेच करावी आणि वीर्यस्खलनाच्या मज्जातंतू वाचवणे शक्य आहे का, हे आधी विचारावे. सेमिनोमाचा नियम वेगळा : गाठ ३ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर नुसते लक्ष ठेवावे, मोठी असेल तर केमोथेरपीनंतर निदान ६ ते ८ आठवडे थांबून पेट स्कॅन करावा, त्याआधी केल्यास सूजच आजारासारखी चमकते.

आजार उलटला तरी बरे होण्याची दारे बंद होत नाहीत. रुग्णाच्याच मूळपेशी (स्टेम सेल) साठवून, अतितीव्र मात्रेची केमोथेरपी दोनदा देऊन, २००७ मध्ये इंडियानातून आलेल्या अहवालात १८४ पैकी ११६ रुग्ण आजारमुक्त राहिले होते. आजार पहिल्यांदा उलटताच असे उपचार करणाऱ्या केंद्राशी संपर्क साधावा, तिसऱ्या-चौथ्या औषधानंतर नव्हे.

नवे संशोधन ऐकले, तर

सध्या सर्वांत आश्वासक नाव आहे मायक्रोआरएनए ३७१. रक्तातला हा सूक्ष्म रेणू सेमिनोमातही वाढतो, जिथे जुने मार्कर बहुधा गप्प असतात. २०१९ च्या मोठ्या युरोपीय अभ्यासात त्याने सुमारे ९० टक्के ट्यूमर ओळखले आणि निरोगी व्यक्तींना सुमारे ९४ टक्के वेळा निरोगी ठरवले. मात्र टेराटोमा त्याला दिसत नाही, त्यामुळे केमोनंतर उरलेल्या गाठीचा प्रश्न तो एकटा सोडवू शकत नाही. दुसरे, पोटामागच्या लहान ग्रंथींपुरत्या सेमिनोमात केमोथेरपी किंवा किरणोपचारांऐवजी थेट शस्त्रक्रिया. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीतल्या ५५ रुग्णांत सुमारे पाचात एकाला आजार पुन्हा झाला, म्हणजे बाकीचे दीर्घकालीन दुष्परिणामांपासून वाचले. याउलट, इतर कर्करोगांत गाजलेल्या इम्युनोथेरपीने येथे निराशा केली आहे. पेम्ब्रोलिझुमॅबच्या एका लहान चाचणीत १२ पैकी एकाही रुग्णाला प्रतिसाद मिळाला नाही. ज्या ट्यूमरमध्ये जनुकीय बदलच कमी, त्यात प्रतिकारशक्तीला ओळखायला फारसे काही मिळत नाही, हे त्याचे एक संभाव्य कारण. म्हणून कोणी महागडे इंजेक्शन सुचवले तर ते चाचणीचा भाग आहे का आणि आधीचे प्रमाणित पर्याय संपले आहेत का, हे दोन प्रश्न विचारावेत.

बरे झाल्यानंतरची फाइल

पाच वर्षे सुरक्षित गेली की रुग्णालयाच्या फेऱ्या कमी होतात, पण फाइल फेकू नये. सिस्प्लॅटिन घेतलेल्यांत पुढे उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, हृदयविकार, मूत्रपिंडाची घट आणि श्रवणदोष यांचे प्रमाण वाढते, आणि काहींत टेस्टोस्टेरॉन कमी होऊन थकवा, उदासी, इच्छा मंदावणे अशा तक्रारी येतात, ज्या मनाच्या समजून सोडून दिल्या जातात. वर्षातून एकदा रक्तदाब, लिपिड, क्रिएटिनिन आणि तक्रार असल्यास सकाळचे टेस्टोस्टेरॉन तपासावे. दुसऱ्या वृषणात नवा ट्यूमर होण्याची शक्यता सुमारे २ टक्के असते, तेव्हा महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी ते बोटांनी चाचपून पाहावे. फाइलमध्ये मूळ पॅथॉलॉजी अहवाल, मार्करचा कागद, शस्त्रक्रियेची टिपणे आणि प्रत्येक औषधाची एकूण मात्रा असलेले पान, विशेषतः ब्लिओमायसिनचे एकूण युनिट, असलेच पाहिजेत. त्याची एक प्रत फोनमध्ये आणि एक घरच्या माणसाकडे ठेवावी.